जुनी छापील चित्रं, इंद्रजाल आणि ७८च्या तबकड्या: कोणकोण जमवतंय?

रेघोटी:
नमस्कार मंडळी. पुस्तकांसाठी चित्रं काढणं हे माझं पोटापाण्याचं काम, आणि त्याच्याच जोडीने लागलेला नाद म्हणजे जुनं छापील सगळं जमवणं. लिथोची (म्हणजे दगडावरून छापलेली) देवदेवतांची चित्रं, दिवाळी अंकांची मुखपृष्ठं, इंद्रजाल कॉमिक्स, अमर चित्र कथेचे जुने अंक, सिनेमाच्या गाण्यांच्या चोपड्या, काडेपेट्यांची लेबलं, आणि काम करताना ऐकायला ७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या ग्रामोफोनच्या तबकड्या. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या माळ्यावर यातलं काहीतरी नक्की पडून असणार, म्हणून हा धागा. कोण काय जमवतं, कसं ठेवतं, फोटो असतील तर तेही टाका.

माझ्यापुरतं सांगायचं तर मला महागाच्या वस्तूंचं वेड नाही. फाटकी, डागाळलेली, कोपरा उंदराने कुरतडलेली प्रत मला चालते, कारण मला त्यातला हात बघायचा असतो. कुणीतरी बसून ती रेघ ओढलीय, तो रंग लावलाय, आणि छापताना कारागिराने पुन्हा त्यात आपलं काहीतरी घातलंय, हे मूळ कागदावर जसं दिसतं तसं स्क्रीनवर दिसत नाही. चित्रकलेचं माझं निम्मं शिक्षण या कागदांवरच झालंय असं मी अगदी मनापासून म्हणते.

उदाहरण देते. माझ्याकडे रविवर्मा प्रेसची एक लक्ष्मी आहे. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत प्रेस काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलला, आणि मग फ्रिट्झ श्लायशर नावाच्या जर्मन तंत्रज्ञाने तो विकत घेतला. म्हणून पुष्कळ चित्रांच्या खाली बारीक अक्षरात कार्ला-लोणावळा असं छापलेलं असतं, घरात जुनी तसबीर असेल तर आधी तिथे बघा. (दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळायच्या आधी याच प्रेससाठी फोटो-लिथोचं काम करत होते, हे वाचल्यापासून मला मळवली स्टेशनवरून लोकल गेली की उगाच भरून येतं.) तर या लक्ष्मीच्या गालावर भिंग धरलं की गुलाबी, पिवळसर, तपकिरी असे वेडेवाकडे ठिपके दिसतात, काही दाट काही विरळ, एकासारखा एक नाही. एकेका रंगाला वेगळा दगड, आणि प्रत्येक दगडावर कारागिराने हाताने ठिपके देऊन ती त्वचा उभी केलेली. लांबून बघितलं की गाल मऊ दिसतो आणि जवळ गेलं की नुसता ठिपक्यांचा पाऊस. साडीच्या काठाजवळ एक दगड जरासा सरकलाय, त्यामुळे लाल कडेबाहेर केसाएवढी पिवळी रेघ डोकावते. ती रेघ मला फार आवडते.

हेच भिंग विकत घेताना पण कामाला येतं. हल्लीच्या ऑफसेट रिप्रिंटमध्ये ठिपके एका मापाने, जाळीसारखे, छोट्या फुलांच्या आकारात बसलेले असतात. तशी नियमित जाळी दिसली की ते मूळ लिथो नाही, मग विकणारा कितीही सांगो आजोबांच्या वेळचं आहे म्हणून. जुन्या बाजारात जाणाऱ्याने दहापट भिंग खिशात ठेवावंच.

दुसरा माझा जीव की प्राण म्हणजे चित्रकार दलाल आणि मुळगावकर. दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) आणि रघुवीर मुळगावकर (१९१८–१९७६), दोघेही मूळ गोव्याचे, दोघांनीही मराठी घरांच्या भिंती आणि दिवाळी अंक भरून टाकले. दलालांनी १९४५ पासून स्वतःचा 'दीपावली' अंक काढला. दोघांची मुखपृष्ठं शेजारी ठेवून बघा एकदा. मुळगावकरांचा रंग धुक्यासारखा एकातून एकात विरघळतो, कड कुठे संपली कळतच नाही. दलाल मात्र दर चित्रात नवीन काहीतरी करतात, कधी सपाट रंग आणि लयदार रेघ, कधी जलरंग, कधी लघुचित्रासारखी मांडणी. मला स्वतःला दलाल जास्त जवळचे, कारण त्यांच्या रेघेत कुठे जोर दिला आणि कुठे सोडून दिलं ते शिकता येतं. अडलं की मी त्यांची एखादी कथाचित्राची पानं काढते आणि ट्रेसिंग पेपर ठेवून रेघ गिरवते.

बरंच झालं, आता तुम्ही लिहा.

डोंगरवाट:
क्या बात! माझा विषय इंद्रजाल. वेताळ (म्हणजे फँटम), मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन आणि आपला बहादूर. टाइम्स ग्रुपने १९६४ मध्ये सुरू केलं आणि १९९० मध्ये बंद झालं, मधल्या काळात मराठीतही अंक यायचे आणि आमच्या गावात ते एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर मिळायचे. एक अंक वाड्यातली सगळी पोरं वाचायची आणि शेवटी ज्याचा त्याच्याकडे परत यायचा तेव्हा कव्हर गेलेलं असायचं, म्हणून आज कव्हरसकट मराठी अंक मिळणं फार अवघड. इंग्रजी त्यामानाने सापडतात. मराठी वेताळ कुठे दिसला की मी किंमत फारशी करत बसत नाही, घेऊन टाकतो.

रेघोटी:
डोंगरवाट, इंद्रजालची कव्हरं बघताना एक लक्षात घ्या, आतली चित्रं अमेरिकेतल्या पेपरातल्या पट्ट्यांची, पण कव्हरं बहुतेक इथली. गोविंद ब्राह्मणिया यांनी ती रंगवलेली, कोपऱ्यात बी. गोविंद अशी सही शोधा. पेपरातल्या पट्टीला कव्हर असतं कुठे, ते इथेच करावं लागायचं. त्यांनी वेताळाला जे दंड आणि जबडा दिलाय, जंगलाचे जे हिरवे निळे रंग लावलेत ते आतल्या पानांपेक्षा कितीतरी जिवंत आहेत. १९७६ ला बहादूर आला तेव्हा आतली चित्रंही त्यांचीच, लेखन आबिद सुरती. चंबळ, डाकू, आणि ते धुळीचे रस्ते. भगवा कुर्ता आणि जीन्स घातलेला हिरो कागदावर काढणं, आणि तो खरा वाटणं, हे त्या काळात कुणी केलं होतं सांगा.

आणि पट्ट्या कापून पानात बसवताना जी काटछाट केलीय ती पण बघण्यासारखी आहे. आडव्या तीन चौकटींच्या पट्टीतून उभं पान करायचं म्हणजे कुठे चौकट ताणली, कुठे आकाश वाढवलं, कुठे पात्राचा पाय कापला. लेआउट शिकायचा असेल तर मूळ पट्टी आणि इंद्रजालचं पान शेजारी ठेवावं.

न्यूजर्सीकर:
मस्त धागा, वाचनखूण साठवली. रेघोटी, तुमचं वाचून मला रॉबर्ट क्रंबची आठवण झाली. अमेरिकन अंडरग्राउंड कॉमिक्समधलं सगळ्यात मोठं नाव, आणि आयुष्यभर १९२०–३०च्या ७८च्या तबकड्या जमवत आलेला माणूस. जुन्या ब्लूजच्या रेकॉर्ड काढणाऱ्या छोट्या कंपन्यांसाठी कव्हरं करायची आणि मोबदल्यात पैशांऐवजी जुन्या तबकड्या घ्यायच्या असा त्याचा व्यवहार होता. १९८० मध्ये त्याने त्या विस्मरणात गेलेल्या ब्लूज गायकांच्या चेहऱ्यांची छोटी कार्डं काढली, सिगारेटच्या पाकिटात मिळायची तशी. त्याची ती आडव्याउभ्या रेघांची छाया जुन्या व्यंगचित्रांतून आलीय आणि चित्रांमधला मूड त्या संगीतातून, हे कार्ड हातात घेतल्यावर लगेच कळतं. ऐकणं आणि काढणं एकाच माणसात असं मुरलेलं मी दुसरीकडे पाहिलं नाही.

बाकी इकडच्या रेकॉर्डच्या मेळ्यात एक गंमत कळली, बीटल्सची गाणी ७८च्या तबकडीवर भारतात निघाली होती, आणि इथले संग्राहक त्याच्यासाठी अक्षरशः धडपडतात. इंग्लंड-अमेरिकेत तोवर ७८ बंद झाली होती, आपल्याकडे चावीचे ग्रामोफोन घरोघरी होते म्हणून कंपनी काढत राहिली.

तबकडी_७८:
आता माझा नंबर. न्यूजर्सीकर, बरोबर, साठच्या दशकात बऱ्याच लहान गावांत वीज नव्हती, चावी द्या आणि वाजवा. म्हणूनच आपल्याकडे ७८ इतकी वर्षं टिकली आणि म्हणूनच अजून कोल्हापूर, सांगली, मिरज, बेळगाव या पट्ट्यात जुन्या वाड्यांतून पेट्या निघतात. संगीत नाटकांचा आणि गाण्याचा प्रदेश, घराघरांत नाट्यपदं.

थोडं सविस्तर लिहितो कारण विषयच तसा आहे. भारतातलं पहिलं व्यावसायिक ध्वनिमुद्रण नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात झालं, ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गेसबर्ग आला होता, गौहर जान गायल्या. सुरुवातीला ध्वनिमुद्रण इथे आणि तबकडी छापायला जर्मनीत हॅनोव्हरला, म्हणून गाणं संपल्यावर गायिका स्वतःचं नाव मोठ्याने सांगायची, तिकडच्या कामगारांना कळावं कुणाची तबकडी आहे ते. "माय नेम इज गौहर जान" हे ऐकताना अजूनही माझ्या अंगावर काटा येतो. १९०८ मध्ये कलकत्त्याला सियालदहला तबकड्यांचा कारखाना निघाला. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन-साडेतीन मिनिटं. जो राग मैफलीत तासभर चालायचा तो त्यात बसवायचा. अब्दुल करीम खाँसाहेबांची भैरवीतली ठुमरी ऐका, पहिल्या क्षणाला स्वर लागतो तो लागतोच, आलापीला वेळच नाही, आणि तरी काही राहून गेलंय असं वाटत नाही. केसरबाई केरकर, हिराबाई, बालगंधर्व, सगळ्यांनी हे तीन मिनिटांचं माप आपापल्या परीने पेललं. केसरबाईंची भैरवी तर १९७७ मध्ये व्हॉयेजर यानातल्या सुवर्ण तबकडीवर गेली, मूळच्या गोव्यातल्या केरी गावच्या बाईंचा आवाज.

आता महत्त्वाचं. या तबकड्या लाखेच्या असतात. तीच लाख, पळस आणि कुसुमाच्या झाडावरच्या किड्यांची, त्यात दगडाची पूड आणि काजळी. त्यामुळे १) स्पिरिट किंवा अल्कोहोल चुकूनही लावू नका, लाख विरघळते आणि खाच कायमची जाते. एलपीला, म्हणजे नंतरच्या विनाइलच्या तबकडीला चालतं ते इथे चालत नाही. डिस्टिल्ड पाण्यात साबणाचा एखादा थेंब, मऊ ब्रश, खाचेच्या दिशेने फिरवायचा, मधल्या कागदी लेबलला पाणी लागू द्यायचं नाही, लगेच पुसायचं. २) कायम उभ्या ठेवा, आडवी चळत केली की खालच्या वाकतात नाहीतर तडकतात. ३) एलपीच्या सुईने ७८ वाजवू नका. ७८ची खाच रुंद, तिला साधारण तीन थाऊची (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुई लागते, एलपीची सुई तळाशी घसरते आणि नुसती खरखर ऐकू येते. लोक म्हणतात तबकडी खराब आहे, पुष्कळदा सुई चुकीची असते. ४) चावीच्या ग्रामोफोनवर वाजवत असाल तर स्टीलची पिन एका बाजूला एकच, दुसऱ्या बाजूला नवी. पिन वाचवायला जाल तर तबकडी घासली जाईल.

रेघोटी:
तबकडी_७८, हे सगळं सोन्यासारखं आहे. माझी एक विनंती सगळ्यांना, तबकडीचं कागदी पाकीट फेकू नका! बरेच जण जुनं मळकं पाकीट काढून नवीन प्लास्टिकचं घालतात. त्या पाकिटांवर दुकानाचं नाव, पेठ, ग्रामोफोनचं किंवा सरस्वतीचं चित्र, मध्ये लेबल दिसायला गोल भोक. ती अक्षरं कुणा स्थानिक पेंटरने काढलेली असतात, देवनागरीला अशी सावली दिलेली, वेलांटीचं टोक असं वळवलेलं की बघत राहावं. अक्षरलेखनाचा एवढा मोठा खजिना दुसरीकडे नाही. पिनांच्या पत्र्याच्या डब्यांचंही तसंच, कुत्रा आणि कर्णा सगळ्यांना माहीत आहे, पण इतर कंपन्यांच्या डब्या बघा, हत्ती, मोर, बायका, तीन इंचात पूर्ण पोस्टर.

आणि मी काम करताना ७८ का लावते तेही सांगते. तीन मिनिटांनी उठावंच लागतं. तबकडी उलटायला उठलं की चित्रापासून चार पावलं लांब जाणं होतं आणि लांबून चुका दिसतात.

मीनाक्षी_बेळगाव:
रेघोटीताई, आमच्या आजीच्या देवघरात एक सरस्वतीची तसबीर आहे, साडीला खरी जर आणि टिकल्या चिकटवलेल्या आहेत आणि काचेच्या आतून डाग पडलेत. खाली बारीक इंग्रजीत काहीतरी लोणावळा दिसतंय!! भाऊ म्हणतो फ्रेम उघडून पुसून घेऊ, जर काढून टाकू. काय करावं? आजीला तसबीर भिंतीवरच हवीय.

रेघोटी:
मीनाक्षी, कृपा करून जर काढू नका!! तेव्हा घरातल्या बायका छापील चित्रावर बसून कापड, जर, टिकल्या लावायच्या, देवीला नटवायच्या. छापणारा कारागीर एक आणि आजीच्या घरातली ती बाई दुसरी, चित्र दोघांचं आहे. माझ्या मते अशा तसबिरी साध्या प्रतीपेक्षा जास्त मोलाच्या.

डाग बहुतेक मागच्या लाकडी फळीमुळे आणि ओलीमुळे. लाकडातलं आम्ल कागदात उतरतं, म्हणून जुनी चित्रं मागून तपकिरी होतात. घरी पाण्याने, ब्रेडने, खोडरबरने काही करू नका, वरचं वॉर्निश निघालं तर रंगही जाईल. फ्रेमवाल्याला नाही, कागदाचं संवर्धन करणाऱ्या माणसाला दाखवा. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संवर्धनाचा विभाग आहे, तिथे विचारता येईल. तोवर एवढंच करा, बाहेरच्या ओल धरणाऱ्या भिंतीवरून काढून आतल्या कोरड्या भिंतीवर लावा, समईची धग आणि उन्हाची तिरीप थेट येणार नाही असं. आजीच्या नजरेसमोरच राहील. आणि आजीला विचारून लिहून ठेवा, ही जर कुणी लावली, तसबीर कुठून आली, लग्नात आली का यात्रेत घेतली.

वाचक_क्र_९:
एक प्रामाणिक प्रश्न. आता सगळं स्कॅन होऊन नेटवर आहे, गाणीही आहेत, कॉमिक्सही आहेत. मुंबईतल्या वन बीएचकेमध्ये हे सगळं ठेवायचं तरी कुठे? जागेच्या भाड्यात वस्तूची किंमत निघून जाईल.

रेघोटी:
प्रश्न रास्त आहे. स्कॅन व्हायलाच हवेत, मी स्वतः करते आणि मागेल त्याला देते. पण स्कॅन करणारा रंग सुधारतो, कागदाचा पिवळेपणा काढतो, कडा कापतो, आणि शाई कागदात किती मुरलीय, वरून वॉर्निश आहे का, कॅनव्हाससारखा पोत दाबून उठवलाय का, हे सगळं जातं. मागची बाजू तर कुणीच स्कॅन करत नाही, आणि नावं, तारखा, दुकानांचे शिक्के मागेच असतात.

जागेचं म्हणाल तर मीही दोन खोल्यांतच राहते. चित्रं सपाट, ॲसिड-फ्री कागदात, पलंगाखालच्या ड्रॉवरमध्ये. कॉमिक्स पॉलिप्रॉपिलीनच्या पिशवीत, मागे पुठ्ठा, पीव्हीसीचं स्वस्त कव्हर अजिबात नाही, ते चिकटतं आणि शाई उचलतं. पिना गंजल्या असतील तर त्या हळूच काढून दोऱ्याने शिवून घेते. पावसाळ्यात सिलिका जेल, आणि कसर लागू नये म्हणून वेखंडाच्या कांड्या कापडात बांधून. सगळं ठेवायची गरजच नाही, एक विषय धरला तरी पुष्कळ. नुसती काडेपेटीची लेबलं जमवली तरी बुटाच्या खोक्यात आयुष्य मावेल.

डोंगरवाट:
वेखंडाला अनुमोदन. आमच्याकडे पोथ्यांना तेच. जोडीला एक विचारू का, जुनी मुखपृष्ठं छापून टी-शर्ट आणि कॉफीचे मग विकणारे दिसतात आजकाल. हे चालतं का कायद्याने?

रेघोटी:
आपल्याकडे चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो, मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून मोजायचं. म्हणजे रविवर्मा (मृत्यू १९०६) आणि चित्रकार एम. व्ही. धुरंधर (मृत्यू १९४४) यांची चित्रं आता सगळ्यांना खुली झाली. दलालांच्या चित्रांचा हक्क २०३१ अखेरपर्यंत, मुळगावकरांचा २०३६ अखेरपर्यंत आहे, तो कुटुंबाकडे असो की प्रकाशकाकडे, विचारल्याशिवाय छापून विकणं बरोबर नाही. आणि जिथे खुलं आहे तिथेही नाव लिहा ना! "व्हिंटेज इंडियन आर्ट" एवढंच लिहून धुरंधरांच्या पोस्टकार्डावरची बाई विकतात तेव्हा मला खरंच राग येतो. माणसाने उभं आयुष्य जे. जे. स्कूलमध्ये काढलं, नाव छापायला किती जागा लागते.

गिरगावकर_सध्या_डोंबिवली:
उशिरा आलो धाग्यावर पण नेमक्या वेळी. आमची चाळ पुनर्विकासाला गेलीय, या महिनाअखेर खोली रिकामी करायची आहे. काकांच्या दोन पेट्या आहेत, एकीत ७८च्या तबकड्या, बऱ्याचशा यंग इंडिया आणि ओडियन लेबलच्या, दुसरीत सिनेमाच्या चोपड्या, त्यात प्रभातच्या चार-पाच नक्की. रद्दीवाला दोन्ही उचलतो म्हणाला. मला द्यायच्या नाहीयेत पण माझ्याकडे वाजवायला काही नाही आणि जागाही नाही.

तबकडी_७८:
अहो थांबा, रद्दीवाल्याला हातसुद्धा लावू देऊ नका! यंग इंडिया ही मुंबईची देशी कंपनी, त्यांनी अशा कितीतरी कलाकारांना मुद्रित केलं ज्यांचा आवाज दुसरीकडे कुठे नाही. मुंबईत १९९० पासून रेकॉर्ड संग्राहकांची संस्था आहे, सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स, तिथल्या जाणत्या मंडळींनाही दाखवू. पण आधी यादी करा. प्रत्येक तबकडीच्या लेबलचा दोन्ही बाजूंनी फोटो, आणि लेबलच्या भोवती गुळगुळीत भागात कोरलेला आकडा दिसेल तो तिरप्या उजेडात फोटोत येऊ द्या, त्यावरून मुद्रण ओळखता येतं. पेटी हलवताना तबकड्या उभ्या, मध्ये वर्तमानपत्राच्या घड्या, आणि पेटी अर्धीच भरा, लाख फार जड असते.

रेघोटी:
आणि चोपड्या मला दाखवा प्लीज! प्रभातच्या चोपड्यांची मुखपृष्ठं कुणी केली त्याची मी नोंद करतेय. वर-खाली रचू नका, एकेक कागद मध्ये घाला, जुन्या शाईचा डाग समोरच्या पानावर उठतो. उघडताना पाठीतून पूर्ण फाकवू नका, फोटोपुरतं अर्धं उघडलं तरी पुरे. काकांनी आत कुठे गाण्यावर खुणा केल्या असतील, थिएटरचं नाव किंवा तारीख लिहिली असेल, तर त्याचे वेगळे फोटो घ्या.

गिरगावकर_सध्या_डोंबिवली:
आहेत की! जवळजवळ प्रत्येकीवर थिएटरचं नाव आणि तारीख आहे, काकांचं अक्षर. काही गाण्यांच्या शेजारी पेन्सिलीने सरगम लिहिलीय. काका बाजाची पेटी वाजवायचे.

तबकडी_७८:
सरगम आहे म्हणजे त्या गाण्यांच्या तबकड्या दुसऱ्या पेटीत असणार, जुळवून बघू. येत्या रविवारी मी डोंबिवलीला येऊ शकतो, रुंद सुईचा प्लेअर आणि लॅपटॉप घेऊन येतो, जेवढ्या होतील तेवढ्या तिथेच उतरवून घेऊ. पत्ता इथे नको, व्यक्तिगत निरोप करा.

रेघोटी:
मी पण येते, पुण्याहून सकाळची गाडी पकडून. स्कॅनर, ॲसिड-फ्री कागद आणि पिशव्या माझ्याकडून. गिरगावकर, तुम्ही फक्त एक मोठं टेबल आणि खिडकीजवळची जागा मोकळी ठेवा.